बायका फक्त टायपिंगच करत होत्या का?

प्रश्न : दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडच्या ब्लेचली पार्कमध्ये हजारो बायका जर्मनांची गुप्तलिपी फोडत होत्या, असं वाचलं. पण ते काम तर ॲलन ट्युरिंगच्या यंत्राने केलं ना? मग या बायका तिथे काय करायच्या? टायपिंग?

उत्तर : तुमची शंका निम्मी खरी आहे. तिथे काम करणाऱ्यांत सुमारे तीन चतुर्थांश बायका होत्या. बहुतेकींच्या वाट्याला टायपिंग, कार्डांवरच्या नोंदी आणि यंत्रं चालवणं आलं. ट्युरिंगच्या 'बाँब' यंत्रांवर नौदलातल्या मुली पाळीपाळीने उभ्या असायच्या.

मात्र यंत्राने आपोआप संदेश वाचून दिला, असं कधी झालं नाही. संदेश गुप्त करणाऱ्या शत्रूच्या एनिग्मा यंत्राची त्या दिवशीची मांडणी कोणती असू शकेल, एवढंच बाँब शोधायचं. तेही संदेशात अमुक शब्द असावेत, असा अंदाज आधी कुणी बांधून दिला तरच. ब्लेचलीतल्याच डिली नॉक्स या लिपीतज्ज्ञाच्या विभागात तर इटालियन नौदलाच्या एनिग्माचं काम कागद-पेन्सिलीवरच चालायचं.

त्याच विभागात मेव्हिस लीव्हर होती. वय 19, कॉलेजात जर्मन शिकता शिकता इथे आलेली. एक लांबलचक संदेश पाहताना तिच्या लक्षात आलं, की यात 'एल' हे अक्षर एकदाही नाही. एनिग्माची खोड अशी, की दाबलेल्या अक्षराच्या जागी दुसरं कुठलंही अक्षर उमटेल, पण तेच कधीच नाही. म्हणजे यंत्र चालवणाऱ्या इटालियन पठ्ठ्याने चाचणीचा संदेश पाठवताना नुसतं 'एल'च दाबत ठेवलं होतं! मूळ मजकूर असा अख्खा हाती आल्यावर यंत्रातल्या, अक्षरं बदलणाऱ्या एका नव्या चाकाची आतली जोडणी उलगडली. एका माणसाचा आळस इटलीला चांगलाच महागात पडला.

मार्च 1941मध्ये याच विभागाने, आजपासून तीन दिवसांनी काहीतरी घडणार, असं सांगणारा इटालियन संदेश वाचला. ब्रिटिश ताफ्याचे ॲडमिरल कनिंगहॅम सावध झाले आणि ग्रीसजवळच्या केप मॅटापानच्या लढाईत इटलीच्या तीन जड क्रूझर आणि दोन विनाशिका बुडाल्या.

मग टायपिंगचा समज आला कुठून? एक तर 1970च्या दशकापर्यंत गुप्ततेच्या बंधनामुळे सगळ्यांची तोंडं बंद होती. दुसरं कारण सरकारी कागदांत आहे. केंब्रिजची गणिती जोन क्लार्क ट्युरिंगच्याच गटात लिपी फोडायची, पण लागली कारकुनाच्या पगारावर. बढती द्यायची तर बाईसाठी तसं पदच नव्हतं, म्हणून तिला भाषातज्ज्ञ ठरवलं. फॉर्मवर पदापुढे 'भाषातज्ज्ञ' आणि येणाऱ्या भाषांपुढे 'एकही नाही' असं भरताना तिला भारी मजा वाटायची.