भेद उपयोगाचा की योगायोगाचा?

इतिहासाच्या वर्गात आम्ही पहिला धडा देतो तो हा की, पुराव्यावाचून विधान करू नये. जीवसृष्टीचा इतिहासही याच नियमाने वाचावा लागतो. विद्यार्थी मित्रांसाठी त्याचे एक उदाहरण येथे मांडीत आहोत.

१९६८ साली जपानी शास्त्रज्ञ मोटो किमुरा यांनी प्रतिपादन केले की, रेणूंच्या पातळीवर टिकून राहिलेले बहुतेक बदल सजीवाला उपकारकही नसतात आणि अपायकारकही नसतात. ते तटस्थ असून निव्वळ योगायोगाने पसरतात. उलट, प्रत्येक भेदामागे नैसर्गिक निवडच असली पाहिजे, असे मानणारेही पुष्कळ होते. हा वाद मिटविण्यास कसोटी हवी होती.

१९९१ साली जॉन मॅकडोनाल्ड व मार्टिन क्राइटमन यांनी तशी एक कसोटी दिली. जनुकातील काही बदलांमुळे प्रथिनातील अमिनो आम्ल बदलते. काहींमुळे बदलत नाही. दुसऱ्या प्रकारास ‘मूक’ बदल म्हणू. दोन्ही प्रकार तटस्थ असतील, तर एका प्रजातीच्या आत त्यांचे जे प्रमाण, तेच दोन प्रजातींमध्ये कायम झालेल्या फरकांतही आढळले पाहिजे. कारण आजचा कायम फरक हा कालचा अंतर्गत भेदच होय. उपकारक बदल मात्र लवकर सर्वत्र पसरतो. म्हणून तो अंतर्गत भेदांत क्वचित सापडतो, पण कायम फरकांत भर घालतो.

फळमाशीच्या तीन प्रजातींत, अल्कोहोलचे विघटन करणाऱ्या प्रथिनाच्या जनुकावर त्यांनी मोजणी केली. प्रजातींच्या आत ४२ मूक बदल आढळले आणि अमिनो आम्ल बदलणारे केवळ २. प्रजातींमधील कायम फरकांत मूक १७, तर अमिनो आम्ल बदलणारे ७. पहिल्या प्रमाणाने १७ मूक फरकांसोबत जेमतेम एक अपेक्षित होता! सारे तटस्थ असताना एवढी तफावत केवळ योगायोगाने पडण्याची शक्यता हजारात सुमारे सहा. अर्थात, या प्रथिनात निवडीने काम केले असावे, असा निष्कर्ष निघाला.

मात्र हा निर्णय एका जनुकापुरता आहे. त्याने किमुरांचा सिद्धान्त मोडीत निघत नाही. प्रत्येक जनुकाची मोजणी स्वतंत्रपणे करावी लागते. भेद दिसताच त्यात श्रेष्ठ-कनिष्ठ शोधण्याची माणसाची खोड जुनी आहे. भेद हा गुणाचा पुरावा नव्हे. आधी तो योगायोगाचा असेल असे धरावे, मोजावे आणि मगच बोलावे. आमच्या विद्यार्थ्यांनी ही शिस्त प्रयोगशाळेबाहेरही पाळावी, एवढीच अपेक्षा.