आधी पाणी मोजा, मग वाफे आखा

होळी जळाली, थंडी पळाली, असे आपण म्हणतो. माघ सरत आला की दुपारचे ऊन चटकू लागते. झाडांची जुनी पाने गळतात. पिंपळाला आणि कडुनिंबाला तांबूस, कोवळी पालवी फुटते. वसंत ऋतू जवळ आला, हे झाडे आपल्याला सांगत असतात.

पण आपल्या देशावर वसंत आणि उन्हाळा एकाच पावली येतात. चैत्र-वैशाखात विहिरी खोल जातात. बाजारात पालेभाजी कमी येते, आणि येते ती महाग असते. नेमकी त्याच दिवसांत घरची भाजी हवी असते. तिची तयारी चैत्रात करून चालत नाही. ती माघ-फाल्गुनातच करावी लागते. या धड्यात आपण ती तयारी शिकू.

भाजी कशाला हवी?

भाकरीने पोट भरते. पण नुसत्या भाकरीने अंगात रक्त भरत नाही. २०१९-२१ या वर्षांत देशभर कुटुंबांच्या आरोग्याची सरकारी पाहणी झाली. १५ ते ४९ वर्षे वयाच्या दर १०० स्त्रियांपैकी ५७ जणींच्या अंगात रक्त कमी आहे, असे तीत दिसून आले. म्हणजे निम्म्याहून जास्त! चार पावले चालले की धाप लागते, डोळ्यांपुढे अंधारी येते, काम उरकत नाही. घरातली बाई म्हणते, 'दमले असेन.' पुष्कळदा तो नुसता दमवा नसतो.

राजगिरा, माठ, शेवग्याचा पाला यांत लोह असते. रक्त तयार व्हायला लोह लागते. भाजीवर लिंबू पिळले तर ते लोह अंगी चांगले लागते. जेवणावर लगेच चहा घेतला तर कमी लागते. याच भाज्यांनी डोळ्यांनाही बळ मिळते. मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवा. रक्त फार कमी झाले असेल तर भाजीवर भिस्त ठेवू नये. आरोग्य केंद्रात जावे, रक्त तपासावे, आणि गोळ्या देतील त्या घ्याव्या. भाजी गोळीच्या जोडीला असते, गोळीच्या जागी नव्हे.

पाणी कुठून आणायचे?

परसबागेचा विषय निघाला की एक प्रश्न हटकून येतो.

'अहो, प्यायला पाणी नाही, अन् बाग कशाची करता?'

प्रश्न खरा आहे. त्याला डावलून पुढे जाता येणार नाही. ज्या बागेसाठी घरातल्या मुलीला शाळा बुडवून हंडा वाहावा लागतो, ती बाग नको. म्हणून आपण प्यायच्या पाण्याला हात लावायचा नाही. एकदा वापरून झालेले पाणी वापरायचे.

एक दिवस असे करा. भाजी, तांदूळ आणि डाळ धुतलेले पाणी, हात धुतलेले पाणी, भांडी विसळलेले पाणी मोरीतून सोडू नका. एका बादलीत धरा. बादली भरली की भिंतीवर कोळशाने एक रेघ मारा. रात्री रेघा मोजा. समजा, चार रेघा झाल्या. साधारण बादली १५ लिटरची असते. म्हणजे ४ × १५ = ६० लिटर पाणी रोज गटारात जात होते!

आता हिशेब करू. ३ फूट रुंद आणि १० फूट लांब अशा एका वाफ्याला फाल्गुनात रोज साधारण एक बादली पाणी पुरते. वैशाखात दीड बादली लागते. वेलाच्या एका आळ्याला अर्धी बादली लागते. हिशेब नेहमी वैशाखाचा धरावा.

दोन वाफे : ३ बादल्या.
दोन वेल : १ बादली.
एकूण : ४ बादल्या.

म्हणजे चार बादल्यांच्या घराने दोन वाफे आणि दोन वेल लावावे. तिसरा वाफा लावू नये. पुष्कळांची बाग वैशाखात करपते. तिचे कारण आळस नसते. फाल्गुनातल्या पाण्यावर त्यांनी पाच वाफे पेरलेले असतात. अंथरूण पाहून पाय पसरावे, तसे पाणी पाहून वाफे आखावे.

कोणते पाणी कशाला?

सगळे सांडपाणी सारखे नसते. भाजी, तांदूळ, डाळ धुतलेले पाणी पालेभाजीला खुशाल द्या. भांड्यांचे पाणी खरकटे आणि तेल काढून द्या. एका जुन्या डब्याच्या तळाला भोके पाडा. त्यात खाली खडे, मध्ये विटांचे बारीक तुकडे आणि वर जाड वाळू भरा. पाणी त्यातून गाळून घ्या. वरची वाळू अधूनमधून धुवावी.

आंघोळीचे आणि कपड्यांचे साबणाचे पाणी वाफ्यात घालू नका. त्याने माती कडक होते. ते केळीला, शेवग्याला द्या, आणि तेही एका ठिकाणी रोज नको. पाणी मुळाशी घाला, पानांवर शिंपडू नका. संडासाचे पाणी बागेत कधीच आणू नये. पाणी धरून ठेवले तर त्यात डास होतात. म्हणून आजचे पाणी आजच संपवावे.

जागा आणि माती

रोज निदान सहा तास ऊन मिळेल अशी जागा निवडा. मोरीजवळ असेल तर पाणी वाहण्याचे कष्ट वाचतात. मोठ्या झाडाच्या अगदी बुडाशी वाफा करू नका. झाडाची मुळे पाणी ओढून घेतात.

माघात जमीन वीतभर खोल खणा. दगड, काचा, हराळीच्या मुळ्या वेचून काढा. ढेकळे फोडून माती आठ-दहा दिवस उन्हात तापू द्या. मातीतल्या किडी आणि त्यांची अंडी उघडी पडतात. पाखरे ती टिपतात.

मग वाफा आखा. रुंदी तीन फुटांपेक्षा जास्त नको. दोन्ही बाजूंनी बसून मधल्या रोपापर्यंत हात पोहोचला पाहिजे. वाफ्यात पाय पडला तर माती दबते. पावसाळ्यात आपण उंच गादीवाफा करतो, कारण पाणी निचरून जायला हवे असते. उन्हाळ्यात पाणी टिकायला हवे. म्हणून आता सपाट वाफा करा आणि चहूबाजूंनी चार बोटे उंच वरंबा घाला.

एका वाफ्यात दोन घमेली चांगले कुजलेले शेणखत मिसळा. खत कुजले हे कसे ओळखावे? मूठभर हातात घ्या. ते काळपट व भुसभुशीत असेल, शेणाचा वास येत नसेल आणि हाताला गरम लागत नसेल, तर ते कुजले. कच्चे शेण घालू नका. त्याने हुमणी वाढते, वाळवी येते.

पाला जाळू नका

या दिवसांत अंगणात पाल्याचे ढीग पडतात. आपण ते झाडतो आणि काडी लावतो. असे करणे म्हणजे घरचे खत जाळणे होय.

तीन फूट लांब, तीन फूट रुंद, तीन फूट खोल खड्डा घ्या. त्यात वीतभर पाला पसरा. त्यावर शेणकाला शिंपडा. वर मातीचा पातळ थर द्या. असे थर चढवत न्या. खड्डा भरला की शेणमातीने लिंपा. तो ओलसर ठेवा, पण चिखल करू नका. महिन्याने एकदा वरखाली करा. पावसाळ्याच्या पेरणीला खत हाती येते.

ज्यांच्याकडे शेण थोडे आणि काडीकचरा पुष्कळ, त्यांच्यासाठी दुसरी रीत आहे. यवतमाळ जिल्ह्यातील पुसदचे ना. दे. पांढरीपांडे यांनी ती बसवली. तिला 'नाडेप' म्हणतात. तीत जमिनीवर १० फूट लांब, ६ फूट रुंद, ३ फूट उंच असे विटांचे टाके बांधतात. हवा खेळावी म्हणून भिंतींना भोके ठेवतात. तीन-चार महिन्यांत खत तयार होते. थोड्या शेणात पुष्कळ खत, हा त्या रीतीचा गुण.

सगळा पाला मात्र खड्ड्यात घालू नका. दोन पोती बाजूला ठेवा. त्याचे काम पुढे आहे.

बी पारखा, मग पेरा

दहा बिया मोजून ओल्या फडक्यात गुंडाळा. फडके ओले ठेवा. पाच दिवसांनी उघडा. सात-आठ बियांना कोंब आले तर बी चांगले. पाचच उगवल्या तर दुप्पट पेरा. तीनच उगवल्या तर ते बी पेरू नका. दुकानातल्या बियाण्याला पुष्कळदा लाल किंवा हिरवा रंग दिलेला असतो. त्यात औषध असते. ते बी खाऊ नये, पोरांच्या हाती देऊ नये. पेरल्यावर हात साबणाने धुवावे.

पहिल्या वाफ्यात पालेभाजी करा. राजगिरा, माठ, तांदुळजा यांना ऊन मानवते. मेथी-कोथिंबीर कडक उन्हात लवकर फुलावर येते. सगळा वाफा एकदम पेरू नका. त्याचे चार भाग करा, आणि दर आठ दिवसांनी एक भाग पेरा. म्हणजे भाजी एकदम येऊन वाया जात नाही. फाल्गुनाच्या आरंभी पेरलेला राजगिरा पाडव्याच्या सुमारास ताटात येतो.

दुसऱ्या वाफ्यात भेंडी आणि गवार लावा. भेंडीचे बी रात्रभर भिजत घाला. दोन ओळींत दीड फूट आणि दोन रोपांत एक फूट अंतर ठेवा. बी बोटाच्या एका पेराएवढे खोल टाका. हनुमान जयंतीच्या पुढेमागे पहिली भेंडी निघते. मग ती दर दोन दिवसांनी तोडा. जून होऊ दिली तर झाड नवी फळे धरत नाही.

वेलासाठी हातभर लांब, रुंद आणि खोल आळे घ्या. त्यात माती आणि घमेलेभर खत भरा. मधोमध एक मातीचे मडके गळ्यापर्यंत पुरा. त्याला रंग किंवा झिलई नको. मडक्यापासून वीतभर अंतरावर दुधीच्या किंवा दोडक्याच्या चार बिया लावा. उगवल्यावर दोन जोमदार रोपे ठेवा. एरवी पाणी मडक्यात भरा आणि वर झाकण ठेवा. ते हळूहळू पाझरते आणि थेट मुळांना मिळते. मडक्यात गाळलेलेच पाणी घाला, नाहीतर त्याची छिद्रे बुजतात.

वेलाची पहिली फुले गळाली तर घाबरू नका. ती बहुधा नर फुले असतात. थोड्या दिवसांनी मादी फुले येतात. त्यांच्या मागे इवलेसे फळ दिसते. फळ नर फुलाला धरत नाही.

राखण

रोपे चार बोटे वर आली की बाजूला ठेवलेला पाला काढा. रोपांच्या मधल्या जागेत तो दोन-तीन बोटे जाड पसरा. माती झाकली की ओल टिकते, तण कमी होते. उघडी माती उन्हात पाणी उडवते. झाकलेली माती ते जपते. पाणी सकाळी लवकर किंवा दिवस मावळताना द्या.

शेळ्या-कोंबड्यांसाठी बोरी-बाभळीच्या काट्यांचे कुंपण करा. पानांवर मावा पडला तर ५० ग्रॅम निंबोळ्या कुटून एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवा. सकाळी फडक्यातून गाळा, त्यात थोडा साबण मिसळा आणि संध्याकाळी फवारा. किडकी फळे तोडून खोल पुरा.

आणि एक काम विसरू नका. सर्वांत चांगले झाड आधीच हेरा. त्याच्या दोन-तीन भेंड्या बियाण्यासाठी झाडावरच वाळू द्या. उरलेसुरले बी ठेवू नका, निवडलेले ठेवा. एक वाटी बी शेजारी द्या. आपले एखाद्या वर्षी गेले, तर तेच बी शेजारून परत मिळेल.

बाग लहान असली तरी चालेल. तिच्यातली भाजी आधी कोणाच्या ताटात पडते, हे पाहा. पुष्कळ घरांत बाई शेवटी जेवते आणि तिच्या वाट्याला नुसता रस्सा येतो. घरचे सांडपाणी तिने जपले, भाजी तिने वाढवली. तिच्या ताटात भाजी पडली नाही, तर एवढ्या श्रमांतले निम्मे वाया गेले असे आम्ही समजतो.

वाचा आणि सांगा

१. वाफ्यांचा हिशेब वैशाखाच्या पाण्यावर का धरावा?
२. उन्हाळी वाफा आणि पावसाळी वाफा यांत काय फरक आहे?
३. साबणाचे पाणी कोठे द्यावे, कोठे देऊ नये?
४. एका घरी रोज सहा बादल्या सांडपाणी निघते. त्यांना तीन वाफे करायचे आहेत. वैशाखात वेलाची किती आळी जगतील?

करून पाहा

उद्या आपल्या घरी बादलीच्या रेघा मोजा. आकडा वहीत लिहून आणा. वर्गात सर्वांचे आकडे फळ्यावर मांडू, आणि कोणी किती वाफे आखावे ते ठरवू.