बाधा, लागण आणि दांपत्य : संसर्गभयपटाचा एक अभ्यास

१. प्रास्ताविक

भयकथेतील भय बहुधा बाहेरून येते. ओसाड वाडा, निर्जन वाट, अमावास्येची रात्र ही त्याची परिचित स्थळे होत. संसर्गभयपटात मात्र भय ज्या मार्गाने येते तो मार्ग अगदी निकटचा असतो : श्वास, पाणी, स्पर्श, एकत्र घेतलेले जेवण. म्हणूनच या प्रकारात पतिपत्नी अथवा प्रियकर-प्रेयसी यांचे युगुल पुनःपुन्हा केंद्रस्थानी येते. ज्याच्यापासून दूर राहणे सर्वांत कठीण, तोच धोक्याचा वाहक ठरतो. प्रस्तुत लेखात एका अमेरिकन चित्रपटाच्या आधारे या प्रकाराचे स्वरूप पाहून, मराठी भाषेतील ‘बाधा’ व ‘लागण’ या संकल्पनांच्या प्रकाशात महाराष्ट्राशी निगडित अशा काही चित्रपटांचा विचार करावयाचा आहे.

२. ‘द बीच हाऊस’ : सागराकडून आलेली बाधा

जेफ्री ए. ब्राऊन दिग्दर्शित ‘द बीच हाऊस’ (२०१९) या चित्रपटात एमिली आणि रँडल हे तरुण युगुल आपले विस्कटू पाहणारे नाते सावरण्यासाठी समुद्रकाठच्या एका घरी येते. हंगाम संपल्यामुळे वसाहत जवळजवळ रिकामी आहे. त्या घरी रँडलच्या वडिलांचे स्नेही मिच आणि जेन हे प्रौढ दांपत्य आधीच उतरलेले असते. रात्री सर्वत्र धुके दाटते, झाडे अनोळखी तेजाने उजळतात आणि जेनला खोकल्याची उबळ येऊ लागते. दुसऱ्या दिवशी मिच शांतपणे समुद्रात चालत जातो. किनाऱ्यावरच्या बुळबुळीत जीवावर पाय पडल्यानंतर एमिली स्वतःच्या तळपायातून कृमी ओढून काढते.

एमिली ही रसायनशास्त्राची विद्यार्थिनी असून जीवसृष्टीच्या उत्पत्तीविषयी तिला विलक्षण कुतूहल आहे, ही गोष्ट कथानकाच्या दृष्टीने महत्त्वाची होय. येथे शाप नाही, पाप नाही, सूडही नाही. सागरतळातून वर आलेल्या सूक्ष्म जीवांना माणसाशी वैर नाही. त्यांना केवळ जगावयाचे आहे. एच. पी. लव्हक्राफ्ट यांच्या ‘द कलर आउट ऑफ स्पेस’ (१९२७) या कथेपासून चालत आलेल्या वैश्विक भयाच्या परंपरेशी हा चित्रपट नाते सांगतो. ज्ञान येथे घटनेचा अर्थ लावू शकते, परंतु सुटका करू शकत नाही. नाते सावरण्यासाठी आलेल्या युगुलाचे नातेच निरर्थक होऊन जाते, कारण ज्या ‘मी’ने आणि ‘तू’ने ते जपावयाचे, ते दोघेही उरत नाहीत.

३. मराठी शब्दकळेतील साक्ष

या अनुभवासाठी मराठीत जे शब्द आहेत ते लक्षपूर्वक पाहिले पाहिजेत. ‘बाधा’ हा शब्द भूतबाधा, विषबाधा आणि रोगबाधा या तिन्ही ठिकाणी सारखाच चालतो. २०२० साली ‘कोरोनाबाधित’ हा शब्द शासकीय पत्रकांतून व वृत्तपत्रांतून घरोघर पोहोचला, तेव्हा त्यात काही विपरीत आहे असे कोणासही वाटले नाही. ‘लागणे’ या क्रियापदाचेही तसेच आहे. भूत लागते, दृष्ट लागते, वेड लागते. त्यावरूनच रोगाची ‘लागण’ होते. पश्चिम महाराष्ट्रात ‘उसाची लागण’ म्हणजे उसाची लागवड. गोंदियाच्या धानपट्ट्यात ‘रोवणी’ हा शब्द रूढ असल्यामुळे तेथील विद्यार्थ्यास ‘लागण’ म्हटले की प्रथम रोगच आठवतो. परंतु मूळ कल्पना एकच आहे : एका ठिकाणी काही रुजते आणि तेथून वाढत जाते.

वाक्यरचनेच्या दृष्टीने एक भेद येथे निर्णायक ठरतो. ‘त्याला लागण झाली’ या वाक्यात माणूस चतुर्थी विभक्तीत आहे. जे घडते ते त्याच्यावर घडते. बाधा वेगळी आणि माणूस वेगळा. म्हणूनच बाधा उतरविता येते, रोग बरा करता येतो आणि माणूस परत मिळतो. याउलट ‘तो महारोगी आहे’ या वाक्यात रोग माणसाचे नाव होऊन बसतो. येथे माणूस आणि रोग यांच्यात फट राहत नाही. पहिल्या रचनेला ‘लागण-रचना’ आणि दुसरीला ‘नाम-रचना’ असे म्हणता येईल. संसर्गभयपटाचे नैतिक स्वरूप तो यांपैकी कोणत्या रचनेत विचार करतो यावर अवलंबून असते.

४. चार चित्रपट

राज-डीके यांच्या ‘गो गोवा गॉन’ (२०१३) या हिंदी चित्रपटात गोव्याला मौजेसाठी गेलेले तीन मित्र एका बेटावरील मेजवानीत पोहोचतात. तेथे घेतल्या गेलेल्या अमली पदार्थामुळे माणसांचे झोंबी होतात. समुद्रकाठची सहल आणि संसर्ग हे दोन्ही घटक येथे आहेत; परंतु दृष्टी विनोदाची असल्यामुळे बाधित माणूस केवळ लक्ष्य होऊन राहतो. ही शुद्ध नाम-रचना होय.

आदित्य सरपोतदार यांच्या ‘झोंबिवली’ (२०२२) या मराठी चित्रपटात समुद्राऐवजी डोंबिवलीचे गृहसंकुल आहे. सुधीर आणि त्याची गरोदर पत्नी सीमा नव्या घरी राहावयास येतात. शेजारच्या वस्तीला पाण्यासाठी झगडावे लागते, आणि संसर्गाचे मूळही पाण्याच्या या व्यवहारातच आहे. शीर्षकातील श्लेष मराठी वाचकाला आणखी एका अर्थाकडे नेतो. मराठीत ‘झोंबी’ म्हणजे झटापट. आनंद यादव यांच्या १९८७ सालच्या आत्मचरित्रात्मक कादंबरीचे नाव तेच आहे. परका ‘झोंबी’ आणि देशी ‘झोंबी’ एकत्र आल्याने राक्षसाविरुद्धचा लढा आणि जगण्यासाठीचा झगडा यांची सांगड घातली जाते.

विशाल फुरिया यांच्या ‘लपाछपी’ (२०१७) मध्ये रोगाचा संसर्ग नाही, तथापि रचना तीच आहे. सावकारांच्या भीतीने तुषार व त्याची गरोदर पत्नी नेहा उसाच्या फडातील एका एकाकी घरी आश्रय घेतात. आश्रयाचे स्थळच सापळा ठरते. स्त्रीभ्रूणहत्येची वृत्ती एका पिढीतून दुसऱ्या पिढीत उतरते, आणि ‘लागण’ या शब्दाचे दोन्ही अर्थ उसाच्या त्या फडात एकवटतात.

राही अनिल बर्वे यांचा ‘तुंबाड’ (२०१८) हिंदी भाषेत असला तरी त्याचे नाव श्री. ना. पेंडसे यांच्या ‘तुंबाडचे खोत’ या कादंबरीचे स्मरण करून देते आणि त्याची प्रेरणा नारायण धारप (१९२५-२००८) यांच्या कथेत आहे. हस्तराच्या स्पर्शाने शापित झालेली आजी मरत नाही. तिला साखळदंडाने बांधावे लागते, पण तिला अन्नही भरवावे लागते. पुढे तिच्या देहातून झाड उगवलेले दिसते. ‘द बीच हाऊस’मधील देहाच्या विघटनाशी या प्रतिमेचे साम्य स्पष्ट आहे, भेद एवढाच की येथे बाधित व्यक्ती अखेरपर्यंत ‘आजी’ राहते. विनायक तिला अग्नी देतो ती सुटका असते.

५. समाजातील प्रतिध्वनी

भाषेतील लागण-रचना माणसाला आपोआप संरक्षण देते, असा निष्कर्ष मात्र काढता येणार नाही. मराठी समाजाने देवीच्या रोगाला देवतेचे नाव दिले आणि रुग्णाला देवतेचे वसतिस्थान मानले; त्याच समाजाने कुष्ठरुग्णाला गावाबाहेर काढले. विदर्भाला हा इतिहास दूरचा नाही. बाबा आमटे यांनी १९४९ मध्ये वरोऱ्याजवळ आनंदवनाची स्थापना केली ती याच बहिष्काराच्या पार्श्वभूमीवर. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात कुष्ठरोग हे घटस्फोटाचे एक कारण म्हणून नमूद होते. ते २०१९ मध्ये, म्हणजे ‘द बीच हाऊस’ पूर्ण झाला त्याच वर्षी, वगळण्यात आले. तोपर्यंत हा रोग औषधोपचाराने पूर्ण बरा होतो हे सिद्ध होऊन अनेक दशके लोटली होती. ज्ञान होते, परंतु कायद्याच्या वाक्यात रुग्ण अजून नाम-रचनेतच अडकलेला होता. संसर्ग आणि दांपत्य यांचा संबंध पडद्यावरचा नसून न्यायालयातलाही होता, हे या उदाहरणावरून ध्यानात यावे.

याउलट १८९७ च्या प्लेगमध्ये सावित्रीबाई फुले यांनी रुग्णांची शुश्रूषा करताना स्वतः प्लेगची लागण होऊन १० मार्च रोजी प्राण सोडले. भयाचे जे तर्कशास्त्र संसर्गभयपटाचा पाया आहे, ते नाकारणारी ही कृती होय. मराठी गूढकथेचे एक प्रमुख शिल्पकार रत्नाकर मतकरी यांचे १७ मे २०२० रोजी कोरोनाच्या साथीतच निधन झाले. अदृश्याच्या भयाला ज्यांनी आयुष्यभर शब्दरूप दिले, त्यांच्या मृत्यूचे कारणही एक अदृश्य विषाणूच ठरला.

६. समारोप

गोंदियाला समुद्र नाही. येथील भयाची परंपरा अरण्याशी, तलावांशी आणि पावसाळ्यानंतर येणाऱ्या तापाशी निगडित आहे. तथापि ज्या विद्यार्थ्याने ‘हा ताप साधा की बाहेरचा’ असा प्रश्न घरात ऐकला आहे, त्याला ‘द बीच हाऊस’मधील धुके परके वाटू नये. पाश्चात्त्य चित्रपटात विज्ञान बाधेचे स्पष्टीकरण देते आणि माणूस विरघळून जातो. मराठी परंपरेच्या उत्तम कृतींत बाधेचे स्पष्टीकरण अपुरे राहते, परंतु बाधित माणसाचे नाते शिल्लक राहते. यांतील कोणती दृष्टी श्रेष्ठ, हे ठरविण्याचे येथे प्रयोजन नाही. मात्र संसर्गकथेचे परीक्षण करताना दोन प्रश्न विचारणे अगत्याचे ठरते : या कथेत रोग माणसाला लागतो, की माणूसच रोग ठरतो? आणि शेजारी झोपलेल्या माणसाला पहाटे खोकला आला, तर ही कथा दुसऱ्याला पळावयास शिकविते, की उठून पाणी द्यावयास?