मुख्य क्रियापद व सहायक क्रियापद

प्रस्तावना

औषधाच्या पाकिटावर पुढीलपैकी एक सूचना लिहिली आहे, असे समजा.

(१) हे औषध उपाशीपोटी घ्यावे लागते.
(२) हे औषध उपाशीपोटी घेता येते.
(३) हे औषध उपाशीपोटी घेऊ नये.

तिन्ही वाक्यांत 'घेणे' ही एकच क्रिया आहे. तरीही पहिल्या वाक्यात सक्ती, दुसऱ्यात मुभा आणि तिसऱ्यात मनाई आहे. हा फरक अनुक्रमे 'लागते', 'येते' व 'नये' या शब्दांमुळे झाला आहे. वाचणाऱ्याचे लक्ष केवळ 'घे' या धातूवर राहिले, तर सूचना वाचूनही तो चुकीच्या वेळी औषध घेईल.

संकल्पना

वाक्यातील मूळ क्रिया ज्या शब्दातून कळते, ते मुख्य क्रियापद होय. त्या क्रियेचा काळ, आरंभ, पूर्णता, सक्ती, परवानगी किंवा निषेध दाखवण्यास जे साहाय्य करते, ते सहायक क्रियापद होय. मराठीत मूळ क्रिया दाखवणारा शब्द अशा वेळी धातुसाधिताच्या रूपात येतो. धातुसाधित व सहायक क्रियापद मिळून एकाच क्रियेचा बोध करून देतात, तेव्हा त्यांना संयुक्त क्रियापद म्हणतात.

ओळखावे कसे?

एकच शब्द दोन्ही कामे करू शकतो. पुढील जोड्या वाचा.

(अ) माठात पाणी आहे. – माठातून पाणी झिरपत आहे.
(आ) त्याने पत्र पेटीत टाकले. – त्याने पत्र लिहून टाकले.
(इ) आईने मुलीला चेंडू दिला. – आईने मुलीला खेळू दिले.

प्रत्येक जोडीतील पहिल्या वाक्यात 'आहे', 'टाकले', 'दिला' यांचा मूळ अर्थ कायम आहे. म्हणून ती मुख्य क्रियापदे आहेत. दुसऱ्या वाक्यांत मात्र पत्र कोठेही टाकलेले नाही, की मुलीच्या हाती काही दिलेले नाही. तेथे 'टाकले' लेखनाची पूर्णता दाखवते, 'दिले' परवानगी दाखवते आणि 'आहे' काळ दाखवते. म्हणून ती सहायक क्रियापदे आहेत.

आता हे वाक्य पाहा : 'त्याने पत्र लिहून पेटीत टाकले.' येथे लिहिणे व टाकणे या दोन स्वतंत्र क्रिया आहेत. 'त्याने पत्र लिहिले आणि पेटीत टाकले' असे म्हटले, तरी अर्थ बदलत नाही. त्यामुळे येथे 'टाकले' हे मुख्य क्रियापदच आहे. 'त्याने पत्र लिहून टाकले' या वाक्याची अशी फोड केल्यास मात्र अर्थ बिघडतो. क्रिया एक की दोन, हीच खरी कसोटी आहे.

इंग्रजीशी तुलना

इंग्रजीतही असाच भेद आहे. 'शी हॅज अ पेन' या वाक्यात 'हॅज' हे मुख्य क्रियापद आहे. 'शी हॅज लॉस्ट हर पेन' यात 'लॉस्ट' मुख्य असून 'हॅज' सहायक आहे. इंग्रजी विधानात सहायक क्रियापद आधी येते, तर मराठीत ते बहुधा मागून येते. म्हणून वाक्याच्या शेवटी आलेला शब्द मुख्य क्रियापदच आहे, असे गृहीत धरू नये. स्थानावरून नव्हे, तर अर्थावरून निर्णय करावा.

पाठगत प्रश्न

पुढील वाक्यांतील शेवटचा शब्द मुख्य क्रियापद आहे की सहायक, ते सांगा.
१. बाळ झोपून गेले.
२. पाहुणे जेवून गावी गेले.
३. मुले पोहू लागली.
४. त्याच्या पायाला दगड लागला.

उत्तरे : १. सहायक २. मुख्य ३. सहायक ४. मुख्य

हे लक्षात ठेवा

'सहायक' या नावामुळे हे क्रियापद दुय्यम वाटते. पण 'पैसे भरावे लागतील' आणि 'पैसे भरता येतील' यांतील अंतर तेच ठरवते. अर्ज, नियम वा करारपत्र वाचताना वाक्याच्या शेवटच्या शब्दापर्यंत लक्षपूर्वक वाचावे.