आधी मध्य धरायलाच हवा का?

व्हिडिओतला तो बुद्धिबळाचा डाव नीट समजून घेऊ.

१९२४, न्यूयॉर्क. समोर जगज्जेता कापाब्लांका, आठ वर्षं एकही डाव न हरलेला. तेव्हाची शिकवण अशी, की आधी प्यादी टाकून पटाचा मध्य धरा. रिचर्ड रेटीने पहिली चाल घोड्याची केली. मग दोन्ही उंट कडेला बसवून लांबूनच मध्यावर नजर ठेवली. मध्यात प्यादं घातलं ते थेट १६व्या चालीला. ३१व्या चालीला कापाब्लांकाने डाव सोडला.

भांडवल कमी आहे? मग मेन रोडचा गाळा लगेच नको. घरून ऑर्डर घ्या, गिऱ्हाईक ओळखा. पण नुसतं थांबून राहणं म्हणजे रेटीची पद्धत नव्हे. तयारी होताच तो आत घुसला.

आज वहीत लिहा: किती नेहमीची गिऱ्हाइकं झाली की गाळा घ्यायचा? तीच तुमची १६वी चाल.