भिंतीआडचा जोड

चि. अनिरुद्ध यास,

अमेरिकेत जुनी आरव्ही, म्हणजे गाडीमागे ओढून न्यायचे किंवा स्वतःच्या इंजिनावर चालणारे प्रवासी घर, विकत घेणारा मनुष्य टायर, छताची गळती, फ्रिज आणि बॅटरी एवढे बारकाईने पाहतो, आणि भिंतीवरच्या सॉकेटमध्ये फोनचा चार्जर लावून तो चालला की वायरिंग ठीक आहे असे धरून चालतो. ही समजूत चिरंजीवाने व्यवहार पक्का होण्यापूर्वीच सोडावी. कारण चार्जर इतका थोडा प्रवाह ओढतो की अर्धामुर्धा सुटलेला जोडही तेवढा भार बिनबोभाट वाहून नेतो. सॉकेट चालू असणे आणि त्याच्या पाठीमागचा जोड पक्का असणे या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत.

घरातल्या बोर्डात तारेचे टोक सोलून स्क्रूखाली आवळलेले असते. आरव्हीत मात्र बहुधा 'सेल्फ-कंटेन्ड' जातीचे, म्हणजे वेगळी पेटी नसलेले आणि पातळ भिंतीच्या भोकात थेट अडकवलेले सॉकेट सापडते. त्यात केबलचे वरचे वेष्टण काढतात, पण आतल्या तारा सोलत नाहीत. त्या सॉकेटच्या पाठीवरील धातूच्या अरुंद खाचांत खास हत्याराने दाबून बसवतात, खाचेच्या धारा तारेवरचे प्लास्टिक कापून आत शिरतात आणि तांब्याला भिडतात. कारखान्यात तासागणिक भिंती उभ्या राहत असताना ही पद्धत सोयीची ठरते, आणि 'नॅशनल इलेक्ट्रिकल कोड' या अमेरिकन नियमावलीच्या ज्या ५५१ व्या कलमात आरव्हीचे वायरिंग येते, तेही तिला मनाई करत नाही. तेव्हा ही काही लबाडी नव्हे. परंतु धातूला धातू भिडतो तो एका धारेपुरता; दाबणाऱ्याचा हात एकदा तिरपा पडला, किंवा पुढे वर्षानुवर्षे रस्त्याचे हादरे आणि ऊनथंडीचे आकुंचन-प्रसरण सोसावे लागले, की ती धार ढिली पडते, उघड्या तांब्यावर काळपट थर धरतो आणि जोडाचा रोध वाढत जातो.

रोध वाढल्याने काय होते हे आकड्यांत पाहिल्यास भीती आणि बेफिकिरी दोन्ही आटोक्यात राहतात. जोडात निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाला रोधाने गुणून मिळते. अमेरिकेतील १२० व्होल्टवर १५०० वॉटचा हीटर साडेबारा अँपिअर ओढतो. जोडाचा रोध ओहमचा अवघा दहावा भाग असला तरी त्या एका बिंदूत सुमारे साडेपंधरा वॉट जळू लागतात, म्हणजे छोट्या सोल्डरिंग आयर्नएवढी उष्णता प्लास्टिकच्या डबीत, प्लायवुडला खेटून कोंडली जाते. महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाचा अंदाज येथे चुकतो, कारण तेवढ्याच वॉटचा हीटर आपल्या २३० व्होल्टवर साडेसहा अँपिअरच घेतो आणि तसाच जोड सव्वाचार वॉटच्या आसपास तापतो. इकडे जो लूज कनेक्शनचा दोष वर्षभर नुसता कुरकुरत राहील, तो तिकडे जवळजवळ पावणेचारपट उष्णतेने बोलतो.

एमसीबी पडेल, हा भरवसाही येथे कामाचा नाही. ब्रेकर प्रवाह मोजतो, आणि ढिल्या जोडाने प्रवाह वाढत नाही, उलट किंचित घटतो. म्हणून सॉकेट वितळत असतानाही ब्रेकर निवांत असतो. जीएफसीआय, म्हणजे आपल्या आरसीसीबीच्या जातीचे पण सुमारे ५ मिलिअँपिअरच्या गळतीलाच तुटणारे उपकरण, फेजने गेलेला प्रवाह न्यूट्रलने परत आला की समाधानी असते, वाटेत तो कुठे तापला याच्याशी त्याला कर्तव्य नाही. तीन दिव्यांचा टेस्टर फार तर तारा उलटसुलट जोडल्या आहेत का एवढेच सांगतो. राहिले नाक आणि हात: जळका वास, पिवळी पडलेली किंवा फुगलेली प्लेट, उपसताना गरम लागणारा प्लग.

आणखी एक गुंता असा की सॉकेट एकामागून एक साखळीने जोडलेली असतात. हीटर पलंगाजवळच्या शेवटच्या सॉकेटमध्ये असतो, आणि तापतो मात्र स्वयंपाकाच्या ओट्यामागचा पहिला जोड, ज्यात कोणी काहीच लावलेले नसते. म्हणून चिरंजीवाने शेवटच्या सॉकेटवर हीटर पंधरा मिनिटे चालवून, त्याच साखळीतल्या प्रत्येक प्लेटवर तळहात ठेवत जावे आणि सवय असल्यास मल्टिमीटरने पहिल्या व शेवटच्या सॉकेटचे व्होल्टेज त्या भारासकट मोजावे. १४ गेजच्या तांब्याच्या तारेत १० मीटरच्या अंतरात एवढ्या भाराने सुमारे २ व्होल्ट जाणारच; ५-६ व्होल्ट गेले तर ते तारेत नव्हे, कुठल्यातरी जोडात गेले असे समजावे.

फेज किंवा न्यूट्रल ढिले झाले तर निदान दिवा लुकलुकतो. अर्थिंग सुटले तर काहीच होत नाही, सगळे पूर्वीसारखे चालते, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते या सॉकेटांतला सर्वांत वाईट दोष हाच. गाडी रबरी टायरांवर उभी असते, जमिनीशी तिचा विजेचा संबंध येतो तो कॅम्पग्राउंडच्या खांबापासून आलेल्या अर्थिंगच्या तारेनेच. त्या तारेची वाट तुटलेली असताना एखाद्या उपकरणातून गळती झाली, तर त्याचा धातूचा सांगाडा, आणि खांबाकडची मुख्य तारच तुटली असेल तर गाडीचा सगळा पत्रा, फेजवर येतो आणि ओल्या गवतावर उभे राहून दाराची कडी धरणाऱ्याला झटका बसतो. वीज पूर्ण बंद करून सॉकेटचे अर्थिंगचे भोक व चॅसिस यांत मल्टिमीटरने सलगता तपासावी, मात्र मल्टिमीटरचा प्रवाहही चार्जरसारखाच नाजूक असतो, हे विसरू नये. जाता जाता, आरव्हीच्या आतल्या पॅनेलमध्ये न्यूट्रल आणि अर्थिंग मुद्दामच वेगळे ठेवलेले असतात. घरगुती वायरिंगची सवय असलेल्या कोणी ते 'दुरुस्त' करू पाहिल्यास त्याला थांबवावे.

संशयित सॉकेट पुन्हा दाबून बसवणे ही दुरुस्ती नव्हे, कारण एकदा कापलेल्या तारेवर तीच खाच पूर्वीसारखी पकड घेत नाही. खाचेने जखमी झालेला तुकडा छाटून, भिंतीत उथळ पेटी बसवून, स्क्रूचे साधे सॉकेट लावावे. तारेचा आकडा स्क्रूभोवती पाऊण वेढा आणि स्क्रू आवळण्याच्याच दिशेने घालावा, आणि स्क्रू उत्पादकाने सांगितलेल्या पिळाएवढा आवळावा. स्वस्त सॉकेटांच्या पाठीला तार नुसती खुपसायची भोके असतात, त्यांत पकड स्प्रिंगची असते. दुखणे तेच, नाव वेगळे. पेटीत सुमारे १५ सेंटिमीटर मोकळी तार उरली पाहिजे. केबल तेवढी पुरत नसेल तर ती ओढून ताणू नये, नवी घालावी, आणि हे काम लायसन असलेल्या माणसाकडून करून घेण्यात कमीपणा मानू नये.

प्लेटचा पहिला स्क्रू फिरवण्यापूर्वी खांबावरची केबल काढावी, जनरेटर बंद करावा, आणि त्यानंतरही प्रत्येक सॉकेटला टेस्टर लावावा. इन्व्हर्टर बॅटरीवरून तीच १२० व्होल्टची वीज भिंतीत आणतो, आणि तो चालू असल्याचा आवाज बहुधा येत नाही.