कागद चौघांसमोर, उपज एकाची

प्रश्न : गावच्या भजनी मंडळात मी पेटी वाजवतो. मुलानं मोबाईलवर एक मैफल दाखवली. एक जण पियानोवर जाझ वाजवतोय आणि शेजारी दोन व्हायोलिन, एक व्हियोला, एक चेलो. चौघांसमोर कागद, पियानोवाल्यासमोर काहीच नाही. तो मनानं वाजवत असेल, तर कुठं यायचं ते चौघांना कळतं कसं?
– एक वाचक, कंग्राळी बुद्रुक

उत्तर : निम्मं उत्तर तुमच्या बोटांत आहे. तबल्याच्या सोलोला कधी लेहरा धरला असेल. सोळा मात्रांची तीच ओळ तुम्ही फिरवत राहता; तबलजी पेशकार, कायदा, रेला मांडत कुठंकुठं जाऊन येतो आणि समेवर तुम्हाला भेटतो. जाझमध्येही असंच बांधलेलं आवर्तन असतं. ब्लूजचं साधारण 12 बारांचं, एका बारात 4 मात्रा, म्हणजे 48 मात्रा. पुष्कळ जुन्या गाण्यांचं 32 बारांचं. कोणत्या बारात कोणती कॉर्ड, म्हणजे एकदम वाजणारे कोणते स्वर, हे ठरलेलं, आणि पियानोवाल्याची उपज त्या चौकटीतली. चौघांच्या कागदावर लिहिलेलं असतं : इतके बार थांबा, मग ही ओळ. कधी नुसतं एवढंच, की खूण होईपर्यंत हे फिरवत राहा.

ती खूण बघायची असेल, तर आवाज बंद करून व्हिडिओ पुन्हा लावा. पहिला व्हायोलिनवाला गज उचलताना श्वास घेतो, मान किंचित वर जाते. उरलेले तिघे कागदावरून नजर न काढता तेवढं टिपतात. आणि पियानोवाल्यासमोर कागद नाही म्हणजे तो सगळंच आयत्या वेळी सुचेल तसं वाजवतो असं नाही. पुष्कळदा त्याचाही बराच भाग लिहिलेला आणि पाठ केलेला असतो.

अवघड गोष्ट वेगळीच आहे. इथं ड्रम नाही. ठेक्याचा भार चेलोवर येतो, मग चेलोवाला गज बाजूला ठेवून बोटानं तार छेडतो. पियानोची हातोडी तारेवर पडली की स्वर लगेच उमटतो आणि विरायला लागतो. गजाचा स्वर जरा सावकाश उगवतो, पण हवा तितका टिकतो. त्यामुळे चौघांना किंचित आधी निघावं लागतं. शिवाय जाझचा डोल, म्हणजे ‘स्विंग’, कागदावर उतरत नाही. तुमच्या भजनी ठेक्याचे बोल वहीत लिहिता येतात, पण वही वाचून तो ठेका कुणाच्या हातात आलाय का? आणि स्वरांचं म्हणाल तर पियानो पेटीसारखाच, प्रत्येक स्वर बांधलेला. त्याचा गंधार तानपुऱ्यातून ऐकू येणाऱ्या गंधारापेक्षा थोडा चढा. (याच बांधलेल्या स्वरांच्या वादात आकाशवाणीनं 1940 मध्ये पेटीवर बंदी घातली आणि ती 1971 पर्यंत चालली.) व्हायोलिनला पडदे नसतात, म्हणून जुळवून घ्यायचं ते व्हायोलिननं.

दोन नावं मुलाला शोधायला सांगा. जपानच्या हिरोमी यांचा 2021 चा अल्बम ‘सिल्व्हर लायनिंग स्वीट’, महामारीच्या दिवसांतला, पियानो आणि चौघांचा. दुसरा विजय अय्यर यांचा 2014 चा ‘म्युटेशन्स’. अय्यर पंधरा वर्षं व्हायोलिन शिकले आणि पियानो बराचसा आपला आपणच. गज धरणाऱ्या हाताची अडचण त्यांना आतून ठाऊक आहे.

पण कागद आणि उपज एकाच हातात असलेली माणसं बघायला इतकं लांब जायला नको. चोर्ला घाट उतरलं की गोवा. तिथल्या चर्चच्या शाळांत मुलं लहानपणीच नोटेशन वाचायला शिकत. तीच पुढं मुंबईला गेली. रात्री हॉटेलात जाझ, दिवसा सिनेमाच्या स्टुडिओत समोर ठेवलेला कागद. हळदोण्याचे ट्रंपेटवादक चिक चॉकलेट त्यांतलेच. 1951 च्या ‘अलबेला’त ते सी. रामचंद्र यांच्यासोबत होते. आणि सी. रामचंद्र, म्हणजे आपले रामचंद्र चितळकर, सिनेमाच्या संगीतात आले ते पेटीची साथ करत. ‘अलबेला’ची गाणी तुम्हाला पाठ असतील. आता त्यांत मागची व्हायोलिनं तेवढी ऐका : ती कुठं थांबतात, आणि थांबल्यावर ट्रंपेट कुठं शिरतो.